राहतायत, पण आलेले नाहीत

"महिनाअखेर पोरं बाहेर," नंजुंडप्पा म्हणाले. "रविवारी अकरा वाजता जनरल बॉडी आहे. ठराव होणार. या क्रॉसवर स्टुडंट्सना घर द्यायचं नाही. फुल स्टॉप."

आम्ही बसलो होतो पार्कातल्या पाण्याच्या टाकीखाली, रेसिडेंट्स असोसिएशनच्या ऑफिसात. ऑफिस म्हणजे एक खोली, चार खुर्च्या आणि एक पंखा. नंजुंडप्पा असोसिएशनचे अध्यक्ष. वीज खात्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. अजूनही कुठे दिवा लुकलुकला की मान वर जाते. त्यांचा चेहरा नेहमी आताच फ्यूज उडाल्यासारखा असतो, पण माणूस वाईट नाही.

"अण्णा, सेमिस्टर मधोमध आहे," मी कन्नडमध्ये म्हटलं. "पोरं जाणार कुठे?"

"इलेक्ट्रॉनिक सिटीत पीजी खूप आहेत."

के. आर. पुरमच्या पलीकडून इलेक्ट्रॉनिक सिटी, म्हणजे बंगळुराचं दुसरं टोक! रोज जाऊन-येऊन कॉलेज करायचं तर पोरांना बसमध्येच डिग्री घ्यावी लागली असती.

माझं काम आधी सांगते, नाहीतर ही बाई मध्ये कशाला पडते, असं वाटेल. मी एका खासगी विद्यापीठात नेबरहूड लायझन ऑफिसर आहे. विद्यापीठ नवं, हॉस्टेल अर्धवट, आणि पोरं मात्र दरवर्षी बादलीभर वाढतात. मग ती आजूबाजूच्या वस्तीत भाड्याने राहतात. त्या वस्तीला त्यांचा आणि त्यांना त्या वस्तीचा जो काही त्रास होतो, तो दोन्ही बाजूंनी माझ्या टेबलावर येऊन पडतो. थोडक्यात, मी पगारी पाचर. त्याआधी मी एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये वेल्फेअर ऑफिसर होते. माझे आजोबा त्याच कारखान्यात नोकरीला म्हणून साताऱ्याहून इकडे आले आणि आम्ही इकडचेच झालो. घरात मराठी, जिन्यात कन्नड. वस्तीत मला सगळे वंदनक्का म्हणतात.

बंगळुरात गल्लीला क्रॉस म्हणतात. हा आमचा पाचवा क्रॉस. इथल्या सरोजम्मांच्या वरच्या मजल्यावर पहिल्या वर्षाची पाच पोरं राहत होती. सरोजम्मा खाली एकट्या राहतात. शाळेच्या हेडमिस्ट्रेस होत्या. अजूनही त्या "हं" म्हणाल्या की समोरच्याचा हात आपोआप मागे जातो. शेजारचं घर नंजुंडप्पांचं. म्हणजे तक्रार करायला त्यांना खिडकीसुद्धा उघडावी लागत नव्हती.

आणि प्रश्न एका घराचा नव्हता. पाचव्या क्रॉसने ठराव केला की सहावा करणार, मग सगळा लेआउट, म्हणजे सगळी वसाहत करणार. आमच्या धंद्यात याला स्पिलओव्हर म्हणतात. एका क्रॉसवरचा राग दुसऱ्यावर सांडतो.

मी तक्रारींवर आधीच भरपूर काम केलं होतं. पहिली तक्रार होती बाइकची. पोरं बाइक लावायची ती बरोबर नंजुंडप्पांच्या दारातल्या रांगोळीवर. रांगोळी कोणाची, तर त्यांच्या बायकोची. म्हणजे हा तर युद्धाचाच प्रसंग. मी बाइक पलीकडच्या भिंतीला लावून घेतल्या. दुसरी तक्रार कचऱ्याची. पोरं ओला-सुका एकत्र टाकायची. मी दोन बादल्या आणल्या, एक हिरवी, एक निळी, आणि केळ्याचं साल हातात धरून शिकवणी घेतली. तिसरी तक्रार, गच्चीवरच्या कॅरमची. कॅरम खोलीत गेला. चौथी पाण्याच्या मोटरची. पोरं मोटर चालू करून विसरायची आणि टाकी भरून जिन्यावरून धबधबा. मी त्यांना बझर बसवायला लावला. तो मोटरपेक्षा मोठ्याने ओरडतो.

मला वाटलं, झालं. तर नाही. तक्रारी येतच राहिल्या, फक्त वेगळ्या. पोरं जिन्यात हसतात. टॉवेल लाल आहेत आणि पुढच्या बाजूला वाळत घालतात. एक जण सकाळी "हाय अंकल" म्हणतो.

"हाय म्हटलं तर काय झालं?" मी विचारलं होतं.

"कोण आहे तो मला हाय म्हणणारा?" नंजुंडप्पा म्हणाले होते.

इतक्या वर्षांत मी एक गोष्ट शिकले आहे. तक्रार जितकी बारीक होत जाते, तितकं कारण मोठं असतं. माझं आतापर्यंतचं काम म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आग कुठे आहे ते अजून कळलंच नव्हतं.

ऑफिसात परत आले तर आमचे डीन, थॉमस सर, वाट बघत होते. केरळातल्या कोट्टायमचे. प्रत्येक संकटाला स्लाइड असते असा त्यांचा विश्वास.

"वंदना, एस्कलेशन झालंय का?"

एस्कलेशन म्हणजे भांडण एक मजला वर चढणं. "झालंय सर. आता फक्त गच्ची बाकी आहे."

"मग एक स्टेकहोल्डर वर्कशॉप घेऊ. अवेअरनेस. स्नॅक्स ठेवू."

"सर, रविवारपर्यंत मला सोडा. स्नॅक्सची वेळ आली की सांगते."

संध्याकाळी मी सरोजम्मांकडे गेले. शेवटी घर त्यांचं. त्या पोरांच्या बाजूने उभ्या राहिल्या तर ठराव करणारे कोण? पण या सगळ्या प्रकरणात त्या गप्प होत्या. नंजुंडप्पा तर सांगत फिरत होते की त्यांनाही पोरं नकोच आहेत.

"स्वल्प कूतुकोळ्ळी," त्या म्हणाल्या. जरा बसा. कॉफी आली. कॉफी चांगली होती, पण बोलणं भाजीच्या भावावरून पुढे सरकेना. म्हटलं, ताकाला जाऊन भांडं का लपवा.

"अक्का, खरं सांगा. पोरांनी तुमचं काय बिघडवलं?"

"काही नाही. भाडं वेळेवर देतात."

"मग?"

त्या उठल्या. स्वयंपाकघरातून एक पितळी पातेलं घेऊन आल्या. चांगलं चिंचेने घासलेलं, लखलखीत, काठाला हळदकुंकवाचा जुना पिवळट डाग. ते त्यांनी माझ्यासमोर टीपॉयवर ठेवलं.

"ही पोरं आली त्या दिवशी मी हे घासून ठेवलं होतं. आईबाप आले, बॅगा ठेवल्या, वायफायचा पासवर्ड विचारला आणि संध्याकाळच्या विमानाने गेले. पोरांनी वर जाऊन पहिल्याच दिवशी काय शिजवलं, माहिती आहे? नूडल्स. मी खाली वाट बघत बसले. कोणी दूध उतू घातलं नाही. कोणी बोलावलं नाही. मला नाही, शेजाऱ्यांना नाही."

इकडे नव्या घरात शिरताना चुलीवर पहिलं दूध ठेवतात आणि ते मुद्दाम उतू जाऊ देतात. हालु उक्किसोदु म्हणतात त्याला. घरमालक असो की भाडेकरू, राजवाडा असो की एक खोली. शेजारपाजारचे येऊन उभे राहतात, दूध उतू गेलं की सगळे खूश होतात, मग त्याच दुधाची कॉफी पितात आणि घरी जातात. एवढंच. पण तेवढ्यात नवा माणूस सगळ्यांना दिसतो, त्याचं नाव कळतं, गाव कळतं. त्यानंतर त्याने हाय म्हटलं तर ते कोणीतरी ओळखीचं हाय म्हणतं.

"मग तुम्ही सांगायचं ना त्यांना," मी म्हटलं.

"मी सांगू? माझ्या घरात मला बोलवा म्हणून?" हेडमिस्ट्रेसचा आवाज एकदम लागला. मग तो खाली आला. "इद्दारे, वंदना. आद्रे बंदिल्ल."

राहतायत, पण आलेले नाहीत. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी आतून नाचत होते. आग सापडली होती. आणि ती विझवायला पाणी नाही, दूध लागणार होतं.

मी तशीच जिना चढून वर गेले. पाचही पोरं जमिनीवर बसून एकाच ताटातले चिप्स खात होती. त्यांचा पुढारी ईशान, नागपूरचा. मराठी बोलणारी बाई म्हणून त्याने मला पहिल्याच दिवशी काकू करून टाकलं होतं.

"काकू, आम्ही तं आता काहीच केलं नाही ना," तो दारातच म्हणाला. "टॉवेलपण मागे वाळत घातले."

"काहीच केलं नाही, तीच तक्रार आहे," मी म्हटलं आणि सगळं समजावून सांगितलं.

लखनौचा फैजान म्हणाला, "बस, इतना ही? दूध?"

"इतकंच. पण घरोघरी जाऊन बोलवायचं. पाया पडायची गरज नाही, चप्पल मात्र बाहेर काढायची."

त्यांच्याकडून मी एक वाक्य पाठ करून घेतलं. नाळे बेळिग्गे हालु उक्किस्तीवि, बन्नि. उद्या सकाळी दूध उतू घालतोय, या. शनिवारी दिवसभर पाच पोरं ते वाक्य पुटपुटत क्रॉसवर फिरली. फैजानचं सगळ्यांत झकास आलं. ईशानने दर दारात एक शब्द गाळला, पण हसून भरून काढला.

नंजुंडप्पांनी दार अर्धंच उघडलं. "रविवारी मीटिंग आहे."

"सर, मीटिंग अकरा वाजता. दूध आठला," ईशान म्हणाला.

"सरी," नंजुंडप्पा म्हणाले आणि दार लावलं. सरी म्हणजे ठीक आहे. पण ते कोणत्या अर्थाने ठीक, हे बंगळुरात जन्मलेल्यालाही कळत नाही.

थॉमस सरांना फोन केला. ते जरा बिचकले. "वंदना, इज धिस रिलिजस? आपल्याला न्यूट्रल राहावं लागतं."

"सर, इट इज मिल्क. भाडेकरू नव्या घरात पहिल्यांदा—"

"अरे, आमचं पालुकाच्चल!" ते फोनमध्ये ओरडलेच. "आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा केलं होतं. चर्चमधले फादर आले होते. माझ्या सासूबाईंनी अर्धा स्टोव्ह बुडवला. मी येतो. स्नॅक्स?"

"आता आणा सर."

रविवारी सकाळी वरच्या मजल्यावर उभं राहायला जागा नव्हती. सरोजम्मा रेशमी साडीत होत्या आणि पातेलं त्यांच्या हातात. त्यांनी केसरीबात, म्हणजे आपला शिरा, आधीच करून आणला होता. पोरांनी खोली इतकी आवरली होती की मला कपाट उघडायची भीती वाटली. नंजुंडप्पाही आले. बायकोच्या मागे, दाराजवळ, हाताची घडी.

पोरांनी पातेलं इंडक्शनच्या शेगडीवर ठेवलं. एक पिशवी दूध ओतलं. बटण दाबलं. शेगडी "बीप बीप" करून बंद. पुन्हा दाबलं. पुन्हा बीप. पाच भावी इंजिनिअर शेगडीवर वाकले. एकाने प्लग काढून घातला. एकाने शेगडीला चापट मारली.

"पितळ आहे ते," दाराजवळून आवाज आला. "इंडक्शनवर पितळ तापत नाही. कोणत्या ब्रँचला आहात?"

"इलेक्ट्रिकल, सर," ईशान म्हणाला.

खोलीत असा हशा पिकला की खालची मांजर पळाली. स्टीलचं भांडं होतं, पण सरोजम्मांचं पातेलं बाजूला सारायला कोणी धजेना. आणि गॅस तर भाड्याच्या करारातच बसत नव्हता. सगळ्यांनी सरोजम्मांकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "आज चालेल." तोवर नंजुंडप्पा निघून गेले होते. मला वाटलं, संपलं. पण ते परत आले ते एका हातात छोटा गॅस स्टोव्ह आणि दुसऱ्या हातात सिलिंडर घेऊन. गणपतीच्या मांडवात लागतो म्हणून ठेवलेला. स्वतः नळी जोडली, स्वतः साबणाचं पाणी लावून गळती तपासली, मग ईशानला म्हणाले, "आता पेटव."

दूध तापलं, वर आलं आणि अर्ध्यावर थांबलं. पातेलं लग्नघरातलं, दूध एक पिशवी. ते काठापर्यंत पोचणार कसं?

"हालु साकागिल्ल," सरोजम्मा म्हणाल्या. दूध पुरलं नाही.

पोरं दुकानाकडे धावणार तेवढ्यात नंजुंडप्पांची बायको म्हणाली, "थांबा." ती घरी गेली आणि तांब्याभर दूध घेऊन आली. रांगोळीवाली बाई! ते पाहून समोरच्या घरातून एक पेला आला. कोपऱ्यावरच्या आजींनी वाटी पाठवली. सहाव्या क्रॉसवरची एक जण केवळ बघायला आली होती, तीसुद्धा पळत जाऊन पिशवी घेऊन आली. पातेलं भरत गेलं. मला आता कशाची काळजीच उरली नव्हती. मी भिंतीला टेकून नुसती बघत होते आणि माझे गाल दुखत होते.

ईशान स्टोव्हपाशी उभा. दूध फुगलं, साय ताणली, काठाशी आलं. सगळे पुढे वाकले. आणि ईशानने झडप घालून गॅस बंद केला.

दूध खाली बसलं.

"सॉरी, सॉरी!" ईशान कावराबावरा झाला. "काकू, आपोआप हात गेला ना! आई रोज सांगते, दुधावर लक्ष ठेव, उतू गेलं तं बघ!"

मी ते कन्नडमध्ये सांगितलं आणि मग जी खोली हसली! कारण तिथे एकही घर असं नव्हतं, जिथे एखाद्या पोराला दुधासमोर उभं करून ठेवलं नव्हतं. सरोजम्मा पदराने डोळे पुसत होत्या. आजी म्हणाल्या, याच्या आईने चांगलं वळण लावलंय. थॉमस सर बिस्किटांचा पुडा छातीशी धरून हलत होते.

नंजुंडप्पा पुढे आले. हसले नाहीत. त्यांनी ईशानचे दोन्ही हात त्याच्या पाठीमागे नेऊन घट्ट धरले. "आता लावा," ते बायकोला म्हणाले. "याला मी सांभाळतो."

पुन्हा दूध चढलं. काठाशी आलं. ईशान धरलेल्या हातांनी वळवळला. आणि दूध गेलं. पातेल्याच्या पूर्वेच्या, म्हणजे शुभ मानतात त्याच अंगाने, पांढरं, भरभरून, स्टोव्हवर, ओट्यावर, ओट्यावरून खाली फैजानच्या पायावर.

"हालु उक्कितु!" सगळे ओरडले. पोरं तर वर्ल्ड कप जिंकल्यासारखी ओरडली. नंजुंडप्पांनी हात सोडले, पण एक हात ईशानच्या खांद्यावरच राहिला. "ऊर याव्दु?" त्यांनी विचारलं. गाव कोणतं? इतके दिवस शेजारी राहून हा प्रश्न पहिल्यांदा आला होता.

मीटिंग अकराला सुरू व्हायची ती उशिरा झाली, कारण निम्मे सभासद वर कॉफी पीत होते. नंजुंडप्पा उभे राहिले. घसा साफ केला. "विषय पहिला. स्टुडंट्सचा प्रश्न."

"कुठले स्टुडंट्स?" सरोजम्मा बसल्या जागेवरूनच म्हणाल्या. "माझ्याकडे भाडेकरू आहेत."

नंजुंडप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "विषय दुसरा," ते म्हणाले. "रस्त्यावरचे दिवे."

इतकंच. ठराव आला नाही, त्यामुळे पडलाही नाही. पोरं त्याच घरात आहेत.

थॉमस सरांनी अर्थात स्लाइड केली. आता नव्या बॅचच्या वेलकम किटमध्ये स्टीलचं पातेलं असतं. तळाला लोहचुंबक लावून तपासून घेतलेलं. पालक पोराला सोडायला आले की मी त्यांना सांगते, परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं काढा, सकाळी काम आहे. काही जण म्हणतात, आमच्यात नाही हो असं काही. मी म्हणते, दूध तर पिता ना?

तक्रारी थांबल्या का? छे. पण आता त्या माझ्याकडे येत नाहीत. नंजुंडप्पा खिडकी उघडतात आणि थेट ओरडतात, "ईशाना! मोटर!" ईशान ओरडतो, "बंदे अंकल!" आलो म्हणून. माझ्या रिपोर्टात पाचव्या क्रॉससमोर काहीच नसतं. ते पाहून परवा अप्रेझलमध्ये कोणीतरी विचारलं, मॅडमना पूर्णवेळ काम आहे का?

दूध उतू जाऊ देऊ नये, हे आईचं म्हणणं बरोबरच आहे. रोज तसंच वागावं. फक्त नव्या घरात एकदा जाऊ द्यावं, आणि ते पाहायला शेजाऱ्यांना बोलवावं. नंतर ओटा पुसायला फार वेळ लागत नाही.

परीक्षा संपून पोरं घरी गेली होती. सुट्टी संपायच्या बेताला मी पाचव्या क्रॉसवरून चालले होते. नंजुंडप्पा दारात, नेहमीचा उडालेल्या फ्यूजचा चेहरा. मला वाटलं, आता काय नवीन निघालं! त्यांनी मान वरच्या मजल्याकडे केली. तिथे कठड्यावर, पुढच्या बाजूला, लाल टॉवेल वाळत होते.

"बंदरु," ते म्हणाले. आले.